कडबा कुट्टीच्या पात्यांना धार कधी लावायची, पाती कधी बदलायची

सुगी उरकून कडब्याच्या गंजी लागल्या की सोलापूरकडच्या गोठ्यांतून चारा बारीक कापणारी कुट्टी मशीन दिवसभर घरघरू लागतात. तिथून पहिला पाऊस पडेपर्यंत जनावरांचं पोट याच यंत्रावर असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला मालदांडी ज्वारीचा कडबाही दाण्याइतकाच मोलाचा. हा कडबा स्वच्छ कापला गेला तर जनावर जाड दांड्यासकट खातं. चेचलेला, लांबट पडला तर पाला खाऊन दांडे गव्हाणीत तसेच सोडतं आणि ते शेवटी उकिरड्यावर जातात. शेकड्यावर पैसे मोजून आणलेल्या कडब्याचं असं झालेलं बघवत नाही.

कुट्टी बिघडली की पहिला विचार येतो तो नवी पाती आणायचा. बऱ्याचदा पाती अजून चांगली असतात. बिघडलेली असते ती तोंडाजवळची स्थिर पट्टी, किंवा पाती आणि पट्टी यांच्यातलं अंतर. आणि धार लवकर जाते त्याला कडब्यापेक्षा कडब्याबरोबर आत जाणारी माती जास्त कारणीभूत असते. या तीन गोष्टी आधी तपासल्या तर पात्यांचा एक जोड कितीतरी जास्त चालतो.

कापण्याचं काम नेमकं होतं कुठे

चक्राला दोन, तीन किंवा चार पाती बोल्टने आवळलेली असतात. रोलर कडबा ओढून तोंडातून पुढे सरकवतात. तोंडाच्या कडेला एक पोलादी पट्टी पक्की बसवलेली असते. कोणी तिला शिअर प्लेट म्हणतं, कोणी नुसती खालची पट्टी. फिरतं पातं या पट्टीला जवळजवळ चाटून जातं आणि दोघांच्या मध्ये सापडलेला दांडा तुटतो. कात्रीचा खिळा सैल झाला की धार असूनही कापड कापलं न जाता मध्येच दुमडतं, तसंच इथे होतं. पात्याला कितीही धार लावा, पट्टीची कड गोल झाली असेल किंवा मध्ये फट राहिली असेल तर पाला दुमडून तसाच बाहेर पडणार.

पातं हातात घेऊन पाहिलं की दिसेल, त्याची एक बाजू सपाट असते आणि दुसऱ्या बाजूला उतार असतो. सपाट बाजू पट्टीकडे राहते. धार नेहमी उताराच्या बाजूनेच लावायची. सपाट बाजू घासून खाली गेली की पातं पट्टीला नीट भिडत नाही आणि मग कितीही बोल्ट फिरवले तरी सगळीकडे सारखं अंतर मिळत नाही.

धार खाते ती माती

आपल्याकडे बऱ्याच शिवारांत रब्बीची ज्वारी विळ्याने न कापता मुळासकट उपटतात. त्यामुळे पेंढीच्या बुडख्याला काळ्या मातीची ढेकळं तशीच वाळून बसलेली असतात. मातीतले वाळूचे कण पोलादाच्या धारेपेक्षा कठीण असतात. दिवसभर असा कडबा घातला की धार झिजते, आणि एखादा खडा आत गेला की धारेचा कपचाच उडतो. म्हणून पेंढी मशीनवर नेण्याआधी बुडखे कोयत्याने नाहीतर कुऱ्हाडीने तोडून टाकावेत. तेवढा वेळ नसेल तर निदान पेंढी दगडावर दोनदा जोरात आपटून माती झाडावी. हे कंटाळवाणं काम आहे, पण धार टिकवण्यासाठी याच्याइतका उपयोगी दुसरा उपाय मला माहीत नाही.

पेंढीचा बंद सोडल्याशिवाय कडबा आत घालू नका. नायलॉनची दोरी रोलरला गुंडाळते आणि बांधायची तार आत गेली तर पातं त्या क्षणी खराब होतं. उसाच्या वाढ्यांचं वेगळं आहे. उसाच्या पानात सिलिका असते, त्यामुळे धार कुठे कपचा न उडता सगळीकडून सारखी झिजते. पण कारखान्याच्या हंगामात वाढे ट्रॉलीतून, रस्त्यावरून येतात. त्यांच्याबरोबर खिळा, नट, खडी येऊ शकते. मोळी सोडून एकदा झटकावी.

किती दिवसांनी?

बंगल्यापुढची हिरवळ कापणाऱ्या यंत्राला साधारण २० ते २५ तास काम झालं की धार लावावी, असा ठोकताळा सांगतात. कुट्टी मशीनला असा तासांचा हिशेब लागू पडत नाही. झटकलेल्या मक्यावर आणि कडवळावर धार बरीच टिकते. मातीच्या कडब्यावर ती एका दुपारीत जाऊ शकते. म्हणून कॅलेंडर न बघता कुट्टी बघावी.

मूठभर कुट्टी हातात घ्या. तुकड्याचं टोक स्वच्छ, सरळ कापलेलं असेल तर काही करायची गरज नाही. टोकाला धागे लोंबत असतील, दांडा चपटा होऊन फुटला असेल, पाल्याच्या लांब पट्ट्या न तुटता तशाच आल्या असतील, तर धार गेली आहे किंवा अंतर वाढलं आहे. हिरव्या चाऱ्यात हे आणखी लवकर कळतं. बोथट पातं नेपियर गवताचा दांडा चेचतं, रस बाहेर येतो आणि तोंडाजवळ ओला चोथा साचतो. मुरघास भरणाऱ्यांनी तर याकडे जास्त लक्ष द्यावं. मक्याचे तुकडे दीड-दोन सेंटीमीटरचे, एकसारखे पडले तरच ते खड्ड्यात किंवा पिशवीत घट्ट दाबले जातात. लांबट पाला राहिला की मध्ये हवा राहते आणि तिथे बुरशी धरते.

आवाजही सांगतो. धार असते तेव्हा एकसारखा कच्-कच् आवाज येतो. बोथट झाल्यावर तो धप्-धप् होतो आणि मोटर कण्हायला लागते. मात्र मोटर कण्हली म्हणजे दोष पात्यांचाच, असं लगेच ठरवू नका. उन्हाळ्यात गावाकडे व्होल्टेज पडतं तेव्हा मशीन रिकामं असतानाही मंद फिरतं. पट्टा सैल असेल तर चारा घातल्यावर किंचाळतो आणि रबर जळल्याचा वास येतो. रिकामं मशीन झोकात फिरतंय, पट्टाही गप्प आहे आणि कडबा घातला की गती बसते, असं असेल तरच पात्यांकडे वळायचं.

शेवटची खूण डोळ्याने दिसते. मशीन बंद करून, वीज तोडून, पात्याची धार उन्हाच्या दिशेने धरून बघा. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही. बोथट धारेवर चमकणारी बारीक रेघ दिसते, कारण तिथे कड सपाट झालेली असते. अंगठा फिरवून धार तपासू नका.

रोज हिरवा चारा कापणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, म्हणजे बाजाराच्या दिवशी म्हणा, ही पाहणी करावी. कडब्याच्या हंगामात दिवसाआड करावी. आणि जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की, कडबा शेतातून घरी येण्याआधीच, पाती एकदा उतरवून सगळं काम व्यवस्थित करून घ्यावं.

हात लावण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका. नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा. प्लग नसेल तर मेन स्विच पाडा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शेतातला वीजपुरवठा कधीही जातो आणि कधीही येतो. विहिरीच्या मोटरीला लावतात तसल्या ऑटो स्टार्टरवर कुट्टी मशीन कधीच जोडू नये. वीज आल्याबरोबर चक्र आपोआप फिरायला लागतं आणि त्या वेळी तिथे कोणाचा हात असेल सांगता येत नाही.

वीज तोडल्यावर पट्टा उतरवा. तरीही चक्र जड असतं आणि एका पात्याच्या वजनाने सहज फिरतं. म्हणून चक्राच्या आरीत लाकडाचा ओंडका घालून ते अडकवा. मगच पाना लावा. लहान पोरं आणि बांधलेली जनावरं लांब असू द्या.

पाती उतरवणं

लागणारं सामान फार नाही. बोल्टच्या मापाचा रिंग पाना, तारेचा ब्रश, थोडं डिझेल, खडू, दहा-बारा इंची चपटी कानस, ऑइल स्टोन आणि पातं पक्कं धरायला शिकंजा. शिकंजा नसला तर जाड फळीवर दोन क्लॅम्प लावूनही चालतं.

आधी सगळं झाडून काढा. गंजलेल्या बोल्टवर डिझेल सोडून अर्धा तास थांबा. पाती सोडण्याआधी खडूने प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या जागेवर आकडा टाका: एकचं पातं एकच्या जागी. पात्याखाली पातळ पत्रा किंवा वायसर निघाला तर तोही त्याच पात्याबरोबर ठेवा. तो अंतर जुळवण्यासाठी कोणीतरी घातलेला असतो, हरवला की जुळणी नव्याने करावी लागते. पाना नेहमी असा लावा की बोल्ट सुटताना हात धारेच्या उलट दिशेला जाईल. जाड चामड्याचे हातमोजे इथे घालावेत. मशीन चालू असताना मात्र सैल हातमोजे नकोत.

धार लावणं

पातं शिकंज्यात असं धरा की उतार वर येईल. आता मूळ उतार किती रुंद आहे ते बघा. तो उतारच तुमचा मार्गदर्शक. घासून घासून तो दिसेनासा झाला असेल तर सोपा हिशेब आहे: उताराची रुंदी पात्याच्या जाडीच्या दुप्पट. पातं सहा मिलिमीटर जाड असेल तर उतार बारा मिलिमीटर ठेवायचा, म्हणजे कोन बरोबर ३० अंशांचा पडतो. उतार याहून रुंद केला तर धार सुरुवातीला तिखट लागते, पण जाड बुडख्यावर लगेच वळते. अरुंद केला तर पातं कापण्याऐवजी ठोकायला लागतं.

उतारावर आधी खडू किंवा मार्करने रंग फिरवून घ्या. कानशीचे दोन-चार हात मारले की रंग कुठून गेला ते दिसतं. फक्त मागच्या बाजूचा गेला असेल तर कानस जास्त आडवी पडली आहे. फक्त कडेचा गेला असेल तर जास्त उभी धरली आहे. सगळा उतार सारखा चमकला की हात बसला. कानस पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची. पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात सारखे पडले पाहिजेत, नाहीतर मध्येच खोलगट जागा होते आणि तेवढाच कडबा न कापता निसटतो.

घासता घासता सपाट बाजूला बारीक काच, म्हणजे वळलेल्या पोलादाची पातळ कड, उभी राहते. नखाने हलकेच खरवडलं की जाणवते. ती सगळ्या लांबीवर आली म्हणजे धार कडेपर्यंत पोचली. आता पातं उलटं करून सपाट बाजू ऑइल स्टोनवर पूर्ण आडवी ठेवा आणि दोन-तीनदाच फिरवा. काच निघून जाते. इथे पातं जरासुद्धा उचलू नका.

कानस काही पात्यांवर घसरते, नुसती सरकते, धरत नाही. असं पातं जास्त कडक पोलादाचं असतं, त्याला ग्राइंडरच हवा. ग्राइंडर वापरायला माझी हरकत नाही, घाईला आहे. शेजारी पाण्याची बादली ठेवा, फ्लॅप डिस्क वापरा, एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका आणि पातं हाताला गरम लागायच्या आत पाण्यात बुडवा. पोलाद तापलं की त्यावर रंग चढतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी आणि जांभळा, मग निळा. निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो. त्याचा अर्थ तेवढ्या जागचं पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. धार नवी दिसेल, पण दोन पेंढ्यांत वळेल. निळा पट्टा अरुंद असेल तर थंड करत करत तो पूर्ण घासून काढा. रुंद असेल तर ते पातं बदला. ग्राइंडर चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि ठिणग्या कडब्याच्या गंजीकडे जाणार नाहीत असं बसा. उन्हाळ्यात वाळल्या कडब्याला एक ठिणगी पुरते.

एका पात्याला जितके हात, तितकेच दुसऱ्याला. शेवटी दोन्ही पाती तराजूवर ठेवून वजन करा. एक हलकं आणि एक भारी राहिलं तर चक्र थरथरतं, बेअरिंग जातं, बोल्ट सैल होतात. फरक दिसला तर भारी पात्याची धारेच्या विरुद्ध बाजूची कड घासून वजन जुळवा. धारेकडून घासू नका.

पट्टीकडे बघा

पाती उतरलेली असतानाच पट्टी तपासून घ्या. कड चौकोनी, टोकदार कोनाची असायला हवी. मध्यभागी, जिथे कडबा जास्त येतो, तिथे ती बहुधा गोल झालेली असते. पुष्कळ मशीनची पट्टी उलटी-पालटी करून बसवता येते, म्हणजे एका पट्टीला दोन किंवा चार कडा वापरायला मिळतात. बोल्ट काढून ती फिरवली की एक पैसा खर्च न होता नवी कड मिळते. अनेक गोठ्यांत ही पट्टी मशीन आल्यापासून हललेलीसुद्धा नसते. सगळ्या कडा संपल्या असतील तर वर्कशॉपमधून सरफेस ग्राइंडिंग करून घ्या किंवा नवी टाका. ती पात्यांच्या मानाने स्वस्त पडते.

बसवणं आणि अंतर जुळवणं

पाती आपापल्या आकड्यावर ठेवून बोल्ट हाताने भरा, पक्के आवळू नका. चक्र हाताने हळू फिरवत पातं पट्टीसमोर आणा. वहीचा एक कागद दोघांच्या मध्ये धरा, बोटं लांब ठेवून. कागद जेमतेम घासत गेला पाहिजे. पात्याच्या आतल्या टोकाला, मधे आणि बाहेरच्या टोकाला, तिन्हीकडे हीच तपासणी करा. मशीनला अंतराचे वेगळे बोल्ट असतील तर ते थोडे थोडे फिरवा, नसतील तर मागे पातळ पत्रा घाला. जुळलं की बोल्ट पक्के आवळा आणि पुन्हा तपासा, कारण आवळताना पातं सरकतं.

आता खरी परीक्षा. कागद पट्टीवर ठेवून चक्र हाताने फिरवा. सगळ्या लांबीवर स्वच्छ कापला गेला तर काम झालं. एका टोकाला फाटला किंवा दुमडला तर तिथलं अंतर जास्त आहे. प्रत्येक पात्यावर हे करा. पातं पट्टीला कुठेही टेकता कामा नये, टेकलं तर पहिल्याच मिनिटाला दोन्ही कडा जातील.

स्प्रिंग वायसर चपटा झाला असेल तर नवाच टाका. बोल्ट बदलायचे तर डोक्यावर ८.८ कोरलेले घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट या जागी वापरू नका. पट्टा चढवण्याआधी चक्र हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. झाकण लावा. पहिल्यांदा सुरू करताना चक्राच्या रेषेत कोणी उभं राहू नये. रिकामं मशीन दोन मिनिटं चालवून आवाज ऐका, मग चारा घाला. अर्धा तास काम झाल्यावर वीज तोडून बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

आता बदलायलाच हवीत, हे कधी ठरवायचं

तडा दिसला की चर्चा नको. तडे बहुधा बोल्टच्या भोकापासून सुरू होतात आणि वरवर दिसत नाहीत. पातं डिझेलने पुसून कोरडं करा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरा. थोड्या वेळाने तड्यात मुरलेलं डिझेल पुडीवर ओली रेघ उमटवतं. अशा पात्याला वेल्डिंग करून परत बसवू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि चक्र गतीत असताना तुकडा सुटला तर तो भिंतीवर थांबेल की माणसावर, आपल्या हातात नसतं.

भोक लांबट झालं, पातं वाकलं, अंतराचे बोल्ट शेवटपर्यंत आणूनही ते पट्टीपर्यंत पोचत नाही, किंवा कपचा इतका खोल आहे की तो काढायला धारेवरून तीन-चार मिलिमीटर घासावं लागेल, तर बदला. धार लावूनही दोन दिवसांत जाते आणि माती वगैरे काही नाही, तर पोलादाचं पाणी गेलं आहे. बदलताना पूर्ण संच बदला. एक जुनं, एक नवं चालत नाही, वजन आणि रुंदी दोन्ही जुळत नाहीत.

दुकानात जाताना जुनं पातं बरोबर न्या. लांबी, भोकांमधलं अंतर, जाडी आणि वळण हे सगळं जुळलं पाहिजे. मशीनचं नाव सांगून भागत नाही, एकाच नावाच्या दोन वर्षांच्या मशीनमध्ये फरक असू शकतो. गाडीच्या कमानपाट्यापासून लोहाराने बनवलेली पाती काही जण वापरतात. कमानपाट्याचं पोलाद चांगलं असतं आणि जाणता लोहार त्याला पाणीही नीट देतो. हाताने फिरवायच्या मशीनला ती मी बसवून देईन. मोटरच्या मशीनला मात्र मापाची, तयार पातीच घ्यावीत, कारण गती जास्त असते आणि तोलातला फरक तिथे महागात पडतो.

जुनी पाती गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा उकिरड्यात टाकू नका. शेणखत भरताना ती अनवाणी पायाखाली येतात. पाणी न उतरलेली पाती लोहाराकडे न्या, त्यांची खुरपी चांगली होतात.